चारतारीवाल्याकडून पाचतारीवाल्यास

वाघापूर, यवतमाळ
२ नोव्हेंबर

आदरणीय राजकुमारभाऊ,

फुलचंदचा रामराम घ्यावा. पत्राची सुरुवात कशी करावी यातच अर्धा तास गेला. 'चिरंजीव' लिहावं तर तुम्ही माझ्याहून चार वर्षांनी मोठे, 'तीर्थरूप' लिहावं तर मी तुमच्या घरचा जावई, आणि जावयाने साळ्याला तीर्थरूप लिहिल्याचं आपल्या तांड्यात तरी कोणी ऐकलेलं नाही. शेवटी 'आदरणीय' लिहिलं. अंजूने मागे उभं राहून ते वाचलं आणि ती चहा ठेवायला गेली, त्यावरून बरं जमलं असावं. तुमची तब्येत, वहिनींचा गुडघा आणि दुकानातलं गिऱ्हाईक सगळं ठीक असेल अशी आशा आहे. (गिऱ्हाइकाची मला तशी काळजी नाही. पांढरकवड्याच्या हायवेवर जोवर ट्रक आहेत तोवर स्पेअर पार्ट लागणारच.) इकडे अंजू बरी आहे. तुमचे बापू तांड्यावर बरे आहेत, सोयाबीन निघालं, तूर फुलावर आहे. माझा डावा खांदा सोडला तर मीही बरा आहे. तुमच्या आईचं, आपल्या याडीचं, मात्र सविस्तर लिहायचं आहे, ते पुढे येईल.

फोन न करता पत्र का, असं तुम्ही म्हणाल. तर सतरा महिन्यांत मी केलेले अकरा फोन तुम्ही उचलले नाहीत, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या निरोपांपुढे अजून एकच खूण आहे. पत्राचं बरं असतं, मधेच कापता येत नाही. फाडता येतं, पण तुमचा स्वभाव मला माहीत आहे. तुम्ही आधी पूर्ण वाचाल आणि मग फाडाल. तेवढं मला पुरे आहे.

आधी आमच्या घराच्या वास्तुशांतीच्या दिवसाचं बोलून घेतो. जेवणं आटोपली होती, मंडळी सुपारी कातरत बसली होती, आणि तुम्ही भिंतीला टेकवलेली माझी बेस गिटार उचलून सगळ्यांदेखत म्हणालात की ही गिटार नाही, दाराची चौकट आहे. आता ती जड आहे हे मी कधी नाकारलं नाही. पहिलं लाकूड पावसात फुगून उकललं तेव्हा बळीराम मिस्त्रीने तिला सागवानाचं नवं अंग करून दिलं. सागवान जड असतं, त्यात बळीरामचा काय दोष? सागवानाने सूर लांब टिकतो असं माझं मत आहे. (बळीरामचं मत एवढंच आहे की सागवानाला वाळवी लागत नाही. पण तो वाजवत नाही, म्हणून त्याचं मत मी धरत नाही.) त्यावर मी तुमच्या पाचतारी बेसवर घसरलो आणि म्हणालो की ज्याला चार तारांत जागा सापडत नाही त्यालाच पाचवी लागते. तुम्ही म्हणालात की माझ्या चार तारा तरी कुठे धड आहेत, अकरा वर्षांत बदललेल्या नाहीत, नुसत्या उकळून उकळून चढवतो. हेही खरं आहे. सोडा टाकून दहा मिनिटं उकळल्या की तारेतला मळ निघतो आणि ती पुन्हा बोलू लागते, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. फक्त ते अंजूच्या दुधाच्या पातेल्यात उकळतो, ही गोष्ट तुम्ही त्या दिवशी तिच्यासमोर बोलायला नको होती. तिला तोवर माहीत नव्हतं.

मग नख की बोटं, हा विषय निघाला. मी प्लास्टिकचं नख धरून वाजवतो, तुम्ही बोटांनी वाजवता. तुम्ही म्हणालात, नखाने तार टोचल्यासारखी वाटते. मी म्हणालो, बोटांनी ती झोपल्यासारखी वाटते. तेव्हा तुमचे मामा मधे पडून म्हणाले की बाबांनो, तुम्ही दोघं नेमकं कशावरून भांडून राह्यले ते तरी सांगा. तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं की अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात या विषयावर भांडता येईल अशी फार तर सात-आठ माणसं असतील, त्यातली दोन एका घरात आली, तर त्यांनी एकमेकांना जपायला पाहिजे. पण मी पुढे गेलो आणि म्हणालो, "भाऊ, तुमची ते खालची पाचवी तार माणसाले ऐकूच येत नाही. कोणासाठी वाजवून राह्यले?" तुम्ही आइस्क्रीमचा कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि स्टँडवर गेलात. त्यानंतर तुम्ही आमच्या घरी आला नाहीत. हे वाक्य मी आता मागे घेणार आहे, पण ते का मागे घेतो हे सांगितल्याशिवाय तुम्हाला पटणार नाही, म्हणून थोडा धीर धरावा.

भादव्यात मला सदाशिवरावांनी बोलावून घेतलं. सदाशिवराव कसे आहेत ते तुम्ही जाणता. ऑर्केस्ट्रा त्यांचा, कीबोर्ड त्यांचा, गाडीही त्यांचीच. त्यांनी मला आधी पोहे दिले, त्यावरूनच मी समजलो की बातमी चांगली नाही. ते म्हणाले की नव्या कीबोर्डात बेसचा आवाज फार सुरेख आहे आणि त्यांचा डावा हात तसा मोकळाच असतो. तेव्हा दुर्गोत्सवानंतर बेसवाल्याची गरज पडेल असं त्यांना वाटत नाही. माणूस म्हणून माझ्याबद्दल त्यांना फार आदर आहे, एवढं मात्र त्यांनी दोनदा सांगितलं. शेवटी म्हणाले की फुलचंद, तू जरा धावतो पण, लय सोडून पुढे पळतो. तेवीस वर्षं मी त्यांच्यासोबत वाजवतो आहे. मी म्हणालो, पळत नाही. ते म्हणाले, बरं. कॉलेजच्या लॅबमधली नोकरी आहे, त्यामुळे पोटाचा प्रश्न नव्हता. पण संध्याकाळी साडेपाचला लॅबला कुलूप लावल्यावर माणसाने करायचं काय, हा प्रश्न होता, आणि तो मी अंजूला विचारला तेव्हा ती म्हणाली की माळ्यावरची पेटी उतरवून आवरा. (पेटी आवरली. त्यात फक्त जुन्या तारा निघाल्या.)

याच सुमाराला बापू याडीला एसटीने घेऊन आले. कान दाखवायचे होते. तुम्ही होळीला तांड्यावर आलात तेव्हा तिला निदान मोठ्याने बोललेलं कळत होतं. श्रावणापर्यंत तेही गेलं. इथल्या डॉक्टरांनी तिच्या कानामागच्या हाडाला नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) वाजवून लावला. तो अगदी आमच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये असतो तसाच होता, हे पाहून मला फार बरं वाटलं. त्यांनी कानात घालायचं मशीन दिलं. याडीने ते दोन दिवस घातलं. त्या दोन दिवसांत तिला कुकरची शिट्टी, शेजाऱ्यांची टीव्हीवरची भांडणं, नळाची मोटर आणि माझं बोलणं एवढं ऐकू आलं. तिसऱ्या दिवशी तिने मशीन काढून डबीत ठेवलं आणि अंजूला सांगितलं की ऐकण्यासारखं काही राहिलं असेल असं तिला वाटलं होतं, ते तसं नाही. आता दर सोमवारी डॉक्टरांकडे जाताना तेवढं ती घालते, त्यांना वाईट वाटू नये म्हणून.

(तिचं बोलणं मी खाली मराठीतच लिहिणार आहे. बोलते ती आपल्या गोरबोलीत, हे तुम्हाला सांगायला नको. पण बोलीत लिहायला बसलो की माझा हात अडतो. तुम्ही वाचताना मनात पुन्हा बोलीत करून घ्या.)

आता मुख्य गोष्ट. पुढच्या खोलीत जो लाकडी दिवाण आहे त्यावर याडी बसते, आणि माझा स्पीकरवाला अ‍ॅम्प त्याच दिवाणाला टेकवलेला असतो, कारण दुसरीकडे अंजू ठेवू देत नाही. एक दिवस कॉलेजातून आल्यावर मी वाजवत बसलो होतो. याडी माझ्याकडे पाठ करून तूर निवडत होती. बहिऱ्या माणसासमोर वाजवण्यात एक निवांतपणा असतो, चुकलं तरी कोणी मान वळवत नाही. पाऊण तास वाजवून मी बंद केलं आणि केबल गुंडाळू लागलो. तर याडी सुपातून मान न उचलता म्हणाली, "काहून बंद केलं?"

राजकुमारभाऊ, मी तेवीस वर्षं वाजवतो आहे. या तेवीस वर्षांत 'बंद करा' असं मला घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, एकदा पोलिसांनी आणि दोनदा नवरदेवाच्या काकांनी सांगितलं आहे. बंद काहून केलं, हे पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. मला वाटलं, कान आले. मी समोर जाऊन मोठ्याने विचारलं, तर तिला काही कळलं नाही. मग तिने माझा हात धरून दिवाणाच्या फळीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने गिटारकडे बोट दाखवलं. मी एका हाताने जाड तार छेडली. फळीतून ती माझ्या तळहातात आली. तेवीस वर्षांत मी माझ्या वाजवण्याला हात लावून पाहिला नव्हता.

त्यानंतर मी जे केलं ते लॅबमधल्या माणसाने करावं तेच केलं. तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि एकेक तार छेडली. आलं की हात वर कर, असं खुणेने सांगून ठेवलं. सगळ्यात बारीक तारेला हात वर गेला नाही. तिच्यापुढच्या तारेला अर्धा गेला. उरलेल्या दोन जाड तारांना लगेच गेला. मग मी नखाने वाजवलं आणि बोटांनी वाजवलं, आणि यातलं काय बरं ते विचारलं. नखाचं तिला टोचतं म्हणाली. हाच शब्द. मी पाच वेळा उलटसुलट करून पाहिलं, पाचही वेळा तिने नख ओळखलं आणि पाचही वेळा तोंड वाकडं केलं. तेव्हापासून मी बोटांनी वाजवतो. हे मी तुम्हाला कळवतो आहे, याचा अर्थ तुमचं सगळंच बरोबर होतं असा घेऊ नये. सागवानाच्या अंगावर तळहात ठेवून ती लाकूड चांगलं आहे असं म्हणाली, हेही लिहून ठेवतो. उकळलेल्या आणि कोऱ्या तारांत तिला काही फरक वाटला नाही, त्यामुळे तो एक वाद आपल्या दोघांत शिल्लक आहे.

मग ती माझी रोजची गिऱ्हाईक झाली. साडेपाचला मी आलो की ती दिवाणावर बसलेली असायची आणि मी चपला काढेपर्यंत अ‍ॅम्पकडे बघायची. चार-पाच दिवस गेल्यावर एकदा मधेच तिने हात वर करून मला थांबवलं आणि म्हणाली की तू पळून राह्यला. मी म्हणालो, नाही. तिला ते ऐकू आलं नाही आणि आलं असतं तरी फरक पडला नसता. तिने फळीवर बोटांनी ठेका धरला, शांतपणे, आपल्याकडे होळीला लेंगी म्हणताना बायका धरतात तसा, आणि मला त्यावर वाजवायला लावलं. दोन मिनिटांत मी तिच्या बोटांच्या पुढे निघून गेलो होतो. मोबाइलवर टकटक करणारं अ‍ॅप असतं, ते लावून खात्री केली. पळत होतो. जे सदाशिवराव तेवीस वर्षं सांगत होते आणि मी ऐकत नव्हतो, ते एका बाईने दिवाणावर बसून पाच दिवसांत दाखवून दिलं. महिनाभर तिने मला ठेक्यावर बसवलं. चुकलं की ती सुपातली तूर निवडायला लागायची. तेवढी शिक्षा मला पुरायची.

दुर्गोत्सवात आमचा कार्यक्रम एका मंडळाच्या मांडवात होता, संध्याकाळी सातचा. तो माझा शेवटचा, असं सदाशिवरावांनी ठरवलेलं होतं, आणि तसं त्यांनी बाकीच्यांनाही सांगून ठेवलं होतं, कारण गायिका समीक्षाने मला आल्या आल्या फुलांचा गुच्छ दिला. याडी यायचं म्हणून हटून बसली. अंजू म्हणाली, तिथे बसून करशील काय? तरी ती तयार होऊन दारात उभी राहिली. खाली खुर्च्यांत तिला काही लागणार नव्हतं, म्हणून मी तिला स्टेजवरच, मागच्या कोपऱ्यात, अ‍ॅम्पच्या बाजूला बसवलं. तिने चपला काढल्या आणि अनवाणी पाय स्टेजच्या फळ्यांवर ठेवले. पहिली दोन गाणी चांगली झाली. पळालो नाही. मधे एकदा मागे वळून पाहिलं, तर तिचा अंगठा ठेक्यात हलत होता. मांडवातल्या हजार माणसांतला माझा श्रोता तेवढा एकच होता, पण तो पक्का होता.

तिसऱ्या गाण्यात घोटाळा झाला. हे मी फक्त तुम्हाला सांगतो आहे, अंजूला याचा अर्धाच भाग माहीत आहे. गाणं उडतं होतं, ऑक्टोपॅड जोरात होता, मी डोळे मिटून वाजवत होतो. (डोळे मिटून वाजवणं हे चांगल्या बेसवाल्याचं लक्षण आहे असं माझं मत होतं. तेही सोडलं.) कधीतरी माझा पाय केबलवर पडला आणि गिटारची पिन निघाली. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. सदाशिवरावांना कळलं नाही, समीक्षाला कळलं नाही, मिक्सरवर बसलेल्या माणसाला कळलं नाही, मांडवात कोणालाही कळलं नाही. आणि आता खरं लिहितो, मलाही कळलं नाही. मी बिनपिनेचा, बिनआवाजाचा, रंगात येऊन वाजवत होतो. तेवढ्यात पाठीवर थाप पडली. डोळे उघडले तर याडी. हजार माणसांदेखत ती खुर्चीवरून उठून स्टेजच्या मधोमध चालत आली होती. बहिरा माणूस बोलतो तेव्हा आपण किती मोठ्याने बोलतो ते त्याला समजत नाही, आणि समीक्षाचा माइक आमच्यापासून दोन हातांवर होता. अख्ख्या मांडवाला ऐकू गेलं, "तुयं बंद हाय."

लोक हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार. पिन लावली, याडी परत जाऊन बसली, पाय फळ्यांवर ठेवले आणि हाताने खूण केली की हां, आता आलं. सदाशिवराव मात्र हसले नव्हते. पुढचा सगळा कार्यक्रम ते डावा हात मांडीवर ठेवून वाजवत होते.

सामान गाडीत भरताना ते माझ्याजवळ आले. वायरी गुंडाळू लागले. मग म्हणाले, "फुलचंद, आख्ख्या गाण्यात बेस नव्हता अन् मले कळलं नाई, हे तुयासाठी वाईट हाय. पण बहिऱ्या बाईले कळलं, हे मायासाठी वाईट हाय." एवढं बोलून त्यांनी मला लग्नसराईच्या तारखा लिहून घ्यायला सांगितल्या. त्यानंतर काय, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. जाताना ते याडीच्या पाया पडले आणि मी पळत होतो का, असं तिला खुणेने विचारलं. कशी खूण केली असेल ते तुम्हीच ठरवा, पण तिला ती कळली. तिने मान हलवून नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओसरीवर मेथी निवडत बसली होती. मी जरा फुगलेलोच होतो. तिच्यासमोर बसलो आणि खुणेने विचारलं की काल माझं कसं झालं? ती म्हणाली, चांगलं. मग थोडी मेथी निवडून म्हणाली की पण राजूचं तुयापेक्षा खोल जाते.

मला आधी कळेना की हिने तुमचं वाजवणं कधी ऐकलं. तुम्ही पांढरकवड्याला गेलात त्याला नऊ वर्षं झाली, आणि होळीला तांड्यावर येता तेव्हा पाचतारी तिकडेच ठेवून येता. तेव्हा तिने सांगितलं ते असं. तुम्ही घरी होता तेव्हाच तिचे कान अर्धे गेले होते. तिने कोणाला सांगितलं नाही, बापूंनाही नाही. तुम्ही सकाळी मागच्या खोलीत वाजवायला बसायचात आणि ती पुढच्या खोलीत मधल्या भिंतीला पाठ लावून बसायची. तिला पाठीतून कळायचं. तुम्ही उशिरा उठलात तेही कळायचं, कंटाळून वाजवता आहात तेही कळायचं. मग म्हणाली, "राजू गेला अन् भिंत बंद पडली. मले वाटलं, कान पुरे गेले."

तुम्हाला कोणी ऐकत नाही असं मी सगळ्यांदेखत बोललो होतो. तुमची खालची तार कानाला धड ऐकू येत नाही हे अजूनही खरं आहे, तो फिजिक्सचा भाग आहे. पण ती कोणासाठी वाजवता, हे जे मी विचारलं होतं, ते मी मागे घेतो. माफी मागायला मला सतरा महिने लागले, कारण त्याआधी मला यातलं काही माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी माझी सगळ्यात जाड तार ढिली करत करत तुमच्या पाचवीइतकी खाली नेऊन पाहिली. ती कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबू लागली आणि मानेवरच्या फ्रेटच्या पट्ट्यांवर आपटून खडखडली. याडीने फळीवर हात ठेवला, लगेच उचलला आणि 'हे ढिलं हाय' म्हणून आत निघून गेली.

असो. पत्राला तसं विशेष कारण काही नव्हतं, इकडची ख्यालीखुशाली कळावी म्हणून लिहिलं. दिवाळीला बापूंच्या हाती पाठवलेली साडी याडीला आवडली, ती तिने लगेच नेसली. चिवडा मी खाल्ला. वहिनींना नमस्कार सांगावा, गुडघ्याला गरम मिठाचा शेक द्यावा असं अंजू म्हणते.

तुमचा जावई, भांडखोर पण मनाने बरा,
फुलचंद चव्हाण

ता. क. वादकांच्या ग्रुपवर तुम्ही पाचतारी विकायला काढल्याची जाहिरात मी पाहिली. 'आता वापर नाही' असं तुम्ही खाली लिहिलं आहे. त्या जाहिरातीखाली एका अनोळखी नंबरवरून 'हिची मान वाकलेली आहे, कोणी घेऊ नये' असं कोणीतरी टाकलं आणि त्यानंतर विचारणा थांबली, याचं तुम्हाला वाईट वाटलं असेल. तो नंबर आमच्या लॅबमधल्या निकिता मॅडमचा आहे. त्यांना बेस गिटारमधलं काही कळत नाही. त्यांचा फोन मी मागून घेतला होता. मान सरळ आहे हे मला माहीत आहे.

आणखी एक. तेव्हा ती विकू नये. एसटीच्या पार्सलने आठ दिवसांसाठी माझ्याकडे पाठवावी. कापडात नीट गुंडाळावी. परत पाठवण्याची जबाबदारी माझी.

आणखी एक. वरचं रद्द समजावं. अंजूने ही ता. क. एवढीच वाचली आणि म्हणाली की आता खरं ते लिहा. खरं असं आहे की गेल्या गुरुवारी मी आमच्या कॉलेजातल्या रजतची पाचतारी एका संध्याकाळपुरती मागून आणली. तुमच्यासारखीच आहे, काळी. याडीला पाठमोरी बसवलं, अ‍ॅम्प दिवाणाला टेकवला आणि खालची तार बोटांनी, हळूहळू, न पळता वाजवली. तिने हातातलं सूप बाजूला ठेवलं आणि दोन्ही तळहात फळीवर टेकवले. मला वाटलं, जमलं. मग म्हणाली, "तार तेच हाय. हात राजूचा नाई." आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

म्हणून पार्सल नको, तुम्हीच या. सोमवार सोडून कोणत्याही दिवशी. तुम्ही येणार हे मी तिला सांगणार नाही, भिंतीकडे तोंड करून बसवून ठेवीन. आल्यावर कोणाशी काही बोलू नका, चपला बाहेर काढा, पिन लावा आणि सुरू करा. मी घड्याळ घेऊन बाजूला उभा राहीन. किती सेकंदांत मान वळवते ते मला लिहून ठेवायचं आहे.